महालातला संगणक : फाइल उतरत नाही

२७ डिसेंबर २०२५, शनिवार

सकाळी बाबांचा फोन. "कॉम्प्युटरवर काहीच उतरून नाही राह्यलं. आन् बँकेतून परत पाठवलं मला." या दोन तक्रारी एकाच गोष्टीच्या आहेत, हे मला घरी पोचल्यावर कळलं.

सुभाष नगरहून नागपूर मेट्रोने चितार ओळी चौकात उतरले, तिथून चालत महाल भागातल्या घरी. थंडी कडक आहे. बाबा कानटोपी घालून संगणकासमोरच बसलेले होते, मी यायची वाट बघत.

आधी यंत्राची माहिती. सीताबर्डीतून २०२२ साली जुळवून घेतलेला डेस्कटॉप, विंडोज ११, ८ जीबी रॅम, ५१२ जीबीची एसएसडी. खातं एकच, बाबांचं. ब्राउझर क्रोम. एज आहे, पण तो कोणी उघडत नाही.

काटोलच्या संत्र्याच्या शेताचा डिजिटल सहीचा सातबारा बाबा घरूनच काढतात. एका उताऱ्याला १५ रुपये. पैसे भरले जातात, उतारा क्रोमच्या टॅबमध्ये स्वच्छ दिसतो, पण उतरवायचं बटण दाबलं की वर उजवीकडे लाल अक्षरं येतात: "फेल्ड – ब्लॉक्ड". डाउनलोड्स फोल्डरमध्ये काही नाही. मग बाबांनी स्वतःच वाट काढली. प्रिंटमध्ये जाऊन 'सेव्ह अ‍ॅज पीडीएफ' केलं. ती फाइल मात्र सेव्ह होते. तीच पेनड्राइव्हवर घेऊन बँकेत गेले, पीक कर्जाच्या नूतनीकरणाला. तिथल्या बाईंनी फाइल उघडून सांगितलं, यात सहीच नाही, मूळ फाइल आणा.

त्या बाईंचं बरोबर आहे. डिजिटल सही म्हणजे कोपऱ्यातलं ते चित्र नव्हे. सही फाइलच्या एकूण एक बाइटवर बांधलेली असते. प्रिंट करून पीडीएफ केली की तयार होते ती दुसरीच फाइल. चित्र तेवढं येतं, सही मागेच राहते. बाबांना सांगितलं तर म्हणाले, "म्हणजे शिक्क्याच्या कागदाची झेरॉक्स." अगदी तेच.

तेव्हा पळवाटेने भागणार नाही. फाइल जशीच्या तशी उतरली पाहिजे.

आज वेळ कमी होता, तरी एक चूक केलीच. क्रोमची सेटिंग्ज रीसेट केली. इंटरनेटवर बहुतेक ठिकाणी पहिला उपाय तोच देतात. फरक शून्य. उलट बाबांचं मराठी टायपिंगचं एक्स्टेन्शन बंद पडलं, आणि पेन्शनच्या साइटवरून ते बाहेर फेकले गेले. पासवर्ड वहीत होता म्हणून निभावलं. बाबा काही बोलले नाहीत, पण एक्स्टेन्शन पुन्हा चालू करून "नमस्कार" टाइप करून बघेपर्यंत खुर्चीवरून उठलेही नाहीत.

इथून पुढे नियम: एका वेळी एकच बदल, आणि बदलण्याआधी आत्ता काय आहे ते या वहीत.

२८ डिसेंबर, रविवार

घरूनच फोनवर. आज काही बदलायचं नाही, फक्त विचारायचं.

बाबांना म्हटलं, फाइल उतरताना नीट बघा आणि जसं दिसतं तसं मला सांगा. मोठी फाइल घ्या, म्हणजे बघायला वेळ मिळेल. त्यांनी कृषी विद्यापीठाची संत्र्याची पुस्तिका घेतली. सांगत गेले: "गोल फिरून राह्यला… अर्धा झाला… पाऊण… पूर्ण झाला. आता गेला. लाल आलं."

याच वाक्याने दिशा दिली. वाटेतच कोणी अडवत असतं, म्हणजे राउटर, इंटरनेट कंपनी किंवा ती साइट, तर फाइल सुरूच झाली नसती, नाहीतर मध्येच तुटली असती. इथे ती पूर्ण घरात येते आणि उंबरठ्याच्या आतल्या बाजूला कोणीतरी तिला संपवतं. अडवणारा घरातच आहे.

आतलं काम असं चालतं. क्रोम फाइल आधी अर्धवट नावाने लिहितो, शेवटी 'सीआरडाउनलोड' असं शेपूट लावून. पूर्ण झाली की ती विंडोजच्या हवाली करतो: ही बाहेरून आली आहे, हिच्यावर तसा शिक्का मार आणि ठेवून घेऊ का ते सांग. विंडोजमधल्या या पहारेकऱ्याचं नाव अटॅचमेंट मॅनेजर. २००४ साली एक्सपीच्या सर्व्हिस पॅक २ पासून तो विंडोजमध्ये आहे. तो नाही म्हणाला की क्रोम फाइल पुसून टाकतो आणि "ब्लॉक्ड" लिहितो. क्रोम इथे फक्त निरोप्या. काल मी निरोप्यालाच धरून झोडपलं.

प्रिंटची पळवाट का चालते तेही यातून उलगडतं. प्रिंटने बनलेली फाइल बाहेरून येतच नाही, इथेच जन्मते. तिला पहारेकऱ्यासमोर उभं राहावं लागत नाही.

३ जानेवारी २०२६, शनिवार

सकाळपासून महालात. आईने पाटवडीची भाजी केली होती. जेवायच्या आधी कामाला बसले.

फोन घरच्याच वायफायवर ठेवून तीच पुस्तिका उतरवली. उतरली. म्हणजे लाइन आणि राउटर सुटले.

एज उघडून तीच पुस्तिका. अडली. एक फोटो, एक झिप, एक पीडीएफ अशा तिन्ही घेतल्या, तिन्ही अडल्या. म्हणजे एकट्या क्रोमचा दोष नाही. क्रोम आणि एज क्रोमियम या एकाच मूळ सॉफ्टवेअरवर उभे आहेत, त्यामुळे हा पुरावा वाटतो तितका भक्कम नाही, पण रीसेटनेही फरक पडला नव्हता हे हाताशी आहे.

डिस्कवर २१२ जीबी जागा मोकळी. डाउनलोड्स फोल्डरमध्ये नोटपॅडने चार ओळींची फाइल सेव्ह केली, झाली. म्हणजे जागाही आहे आणि लिहायची परवानगीही आहे.

मग संशय अँटिव्हायरसवर. संगणक घेतला तेव्हा दुकानदाराने एक वर्षाची मोफत प्रत टाकून दिली होती. मुदत कधीच संपली, पण ती कोपऱ्यात बसून रोज पैसे मागते. ही काढून टाकायचा मोह फार झाला. बाबाही म्हणाले, "काढून टाक बाप्पा, डोकं खाते ते." पण नियम नियम. आधी पुरावा हवा.

विंडोज सिक्युरिटीत 'प्रोटेक्शन हिस्ट्री' बघितली. ज्या वेळेला फाइल अडली त्या वेळेची एकही नोंद नाही. कंट्रोल्ड फोल्डर अ‍ॅक्सेसही बंद. ही सोय २०१७ पासून विंडोजमध्ये आहे, अनोळखी प्रोग्रॅमला डॉक्युमेंट्स, पिक्चर्स अशा फोल्डरांत लिहू देत नाही. ती चालू असती आणि तिने अडवलं असतं तर इव्हेंट व्ह्यूअर या विंडोजच्या नोंदवहीत डिफेंडरच्या, म्हणजे विंडोजच्याच अँटिव्हायरसच्या, खात्यात ११२३ आकड्याची नोंद मिळाली असती. व्हायरस पकडला असता तर १११६. दोन्ही नाहीत. ज्याने अडवलं त्याने अँटिव्हायरसच्या वहीत काही लिहिलेलंच नाही.

संध्याकाळी आईच्या नावाने दुसरं खातं उघडलं, साधं, अ‍ॅडमिन नसलेलं. त्यात एज उघडून पुस्तिका उतरवली.

उतरली!

मी दोनदा पुन्हा करून बघितलं. बाबांच्या खात्यात अडते, आईच्या खात्यात येते. तोच संगणक, तोच अँटिव्हायरस, तीच लाइन. अँटिव्हायरस सगळ्या खात्यांना सारखाच असतो, त्यामुळे मघाचा मोह आवरला ते बरं झालं. अडसर फक्त बाबांच्या खात्याच्या सेटिंगमध्ये आहे. आई स्वयंपाकघरातून म्हणाली, "माझ्या नावानं चालते म्हणा की." चालतं खरं.

रात्री उशीर झाला, इथेच राहिले.

४ जानेवारी, रविवार

सापडलं.

स्टार्टमध्ये 'इंटरनेट ऑप्शन्स' शोधून उघडलं. ही जुनी खिडकी इंटरनेट एक्सप्लोररच्या काळची. एक्सप्लोरर १५ जून २०२२ ला निवृत्त झाला, पण त्याने आखलेले झोन विंडोजच्या पोटात तसेच आहेत आणि अटॅचमेंट मॅनेजर आजही त्यांनाच विचारतो. पाच झोन आहेत, ० ते ४. ० म्हणजे स्वतःचा संगणक, १ ऑफिसातलं जाळं, २ विश्वासातल्या साइट, ३ म्हणजे सगळं इंटरनेट आणि ४ म्हणजे बंदी घातलेल्या साइट. सिक्युरिटीच्या पानावर इंटरनेटचा गोल निवडला की खाली एक उभी पट्टी दिसते. ती सहसा 'मीडियम-हाय'वर असते.

बाबांच्या खात्यात ती पार वर, 'हाय'ला टेकलेली होती.

'हाय'मध्ये 'फाइल डाउनलोड' ही ओळच बंद असते. 'अ‍ॅप्लिकेशन आणि असुरक्षित फाइल चालवणे' हीसुद्धा. रेजिस्ट्रीत, म्हणजे विंडोज सेटिंग साठवतं त्या कोठारात, जाऊन खात्री केली. झोन्सच्या ३ क्रमांकाच्या कप्प्यात १८०३ (फाइल डाउनलोड) समोर ३ आणि १८०६ (असुरक्षित फाइल चालवणे) समोरही ३. इथे ० म्हणजे चालू, १ म्हणजे विचारून, ३ म्हणजे बंद. करंट लेव्हल १२०००, म्हणजे हाय.

ही पट्टी आपोआप वर जात नाही. मी विचारलं, "बाबा, इथे कोणी हात लावला होता?"

बाबा पट्टीकडे बघत राहिले. उत्तर आईने दिलं. डिसेंबरात शेजारच्या काकांना व्हॉट्सअ‍ॅपवर वाहनाच्या चलानाच्या नावाने फाइल आली. त्यांनी ती उघडली आणि दुसऱ्या दिवशी खात्यातले पैसे गेले. बाबा त्यांच्यासोबत पोलीस ठाण्यात गेले होते, तिथे तीन तास बसले. रात्री घरी येऊन कुठल्याशा व्हिडिओत बघितलं की कॉम्प्युटर सुरक्षित करायचा तर ही पट्टी वर ओढा. ओढली. डायरीतही लिहिलं. बाबांनी डायरी काढून दाखवली: "१२ डिसें. कॉम्प्युटरला कडी लावली."

"मी तं चांगल्यासाठीच केलं होतं. फाइली त्याच्यानं थांबतील हे काहून लक्षात येईल?"

लक्षात येणार कसं? कडी लावल्यावर दारावर कुठेच लिहून येत नाही की कडी तुम्ही लावली आहे. दोन आठवड्यांनी क्रोम म्हणतो "ब्लॉक्ड". कोणी, कशासाठी, कुठे जाऊन काढायचं, एक शब्द नाही. मला तो संदेश वाचून दोन शनिवार लागले, आणि माझं दिवसभराचं काम संगणकावरच आहे. सत्तरीच्या माणसाने भीतीपोटी का होईना स्वतः शोधून एक गोष्ट केली, आणि विंडोजने ती इमाने पाळली. यात बाबांचा दोष मी धरत नाही.

हे त्यांना मोठ्याने सांगितलं. आधी रागाच्या भरात "कोणी हात लावला" असं विचारलं त्याबद्दलही बोलले.

मग दुरुस्ती. आधी ३ क्रमांकाचा तो कप्पा रेजिस्ट्रीतून एक्स्पोर्ट करून डेस्कटॉपवर ठेवला. मग 'डीफॉल्ट लेव्हल' दाबलं, पट्टी मीडियम-हायवर आली, करंट लेव्हल ११५००. क्रोम पूर्ण बंद करून उघडला. पुस्तिका उतरली, फोटो उतरला, झिप उतरली. सातबारा मात्र आज काढला नाही. पैसे लागणारी फाइल चाचणीला वापरायची नाही.

चुकूनही करायचं नाही म्हणून इथे लिहून ठेवते: 'हाय'वरून घसरून थेट 'मीडियम'वर नेऊ नये, आणि "सगळे इशारे बंद करा" सांगणारी रेजिस्ट्रीची फाइल कुठून आणून डबल-क्लिक करू नये. अडलेली फाइल सोडवण्याच्या नादात असे उपाय पहारेकऱ्यालाच घरी पाठवतात. बाबांना हवी होती ती सुरक्षितता खरी होती. ती शिल्लक ठेवूनच काम व्हायला हवं.

७ जानेवारी, बुधवार

रात्री बाबांचा फोन. फाइल उतरली आहे, पण फोल्डरच्या उजव्या खिडकीत दिसत नाही. तिथे लिहून येतं की ही फाइल संगणकाला अपाय करू शकते. "परत कडी लागली का जी?"

नाही. हे वेगळं आहे. १४ ऑक्टोबर २०२५ च्या सुरक्षा अपडेटपासून विंडोजने इंटरनेटवरून आलेल्या फाइलींचं प्रिव्ह्यू बंद केलं आहे. फाइल डबल-क्लिकने उघडते. प्रिव्ह्यू हवंच असेल तर फाइलवर राइट-क्लिक करून प्रॉपर्टीजमध्ये खाली 'अनब्लॉक'ची चौकट आहे, ज्या फाइलची खात्री आहे तिच्यापुरती त्या चौकटीत टिक करायची.

बाबांनी लगेच दुसरा प्रश्न टाकला: तीच फाइल पेनड्राइव्हवर टाकली तर तिथे प्रिव्ह्यू दिसतं, ते कसं? प्रश्न इतका नेमका होता की मला बरं वाटलं. फोनवर सांगून उपयोग नाही, दाखवावं लागेल. शनिवारी.

१० जानेवारी, शनिवार

आज बाबांना शिक्का दाखवला.

टर्मिनल, म्हणजे आज्ञा टाइप करायची खिडकी, उघडून डाउनलोड्समध्ये गेले, 'डीआयआर' लिहून एक जागा सोडून '/आर' दिलं. प्रत्येक उतरवलेल्या फाइलच्या खाली एक जास्तीची ओळ येते, फाइलच्याच नावापुढे विसर्गासारखे दोन ठिपके आणि 'झोन.आयडेंटिफायर'. हा फाइलला चिकटलेला अदृश्य कागद. एनटीएफएस पद्धतीच्या डिस्कवर एका फाइलच्या पोटात दुसरा मजकूर असा लपून राहू शकतो. नोटपॅडला ते पूर्ण नाव देऊन उघडायला सांगितलं. बाबा चष्मा पुसून जवळ आले.

आत दोन-चारच ओळी. पहिली चौकटी कंसात 'झोनट्रान्स्फर'. दुसरी 'झोनआयडी = ३'. त्याखाली ती फाइल कुठल्या पत्त्यावरून आली तो पूर्ण पत्ता.

"तीन म्हणजे तो बाहेरचा झोन," बाबा म्हणाले. रविवारचं लक्षात होतं त्यांच्या.

तेच. संत्र्याच्या पेटीवर कळमना बाजारात आडत्याची चिठ्ठी लागते, कुठल्या गावचा, कुणाचा माल, तशी ही चिठ्ठी. प्रिव्ह्यू याच चिठ्ठीकडे बघून नकार देतं. एक्सेलही हिच्याकडेच बघतो. आणि पेनड्राइव्ह एफएटी३२ या जुन्या पद्धतीची आहे. तिच्यावर अशा जोडकागदाला जागाच नसते. फाइल पोचते, चिठ्ठी इथेच गळून पडते. म्हणून पेनड्राइव्हवर प्रिव्ह्यू दिसतं. फाइल सुरक्षित झाली असा त्याचा अर्थ नाही, ती कुठून आली हे आता यंत्राला माहीत नाही एवढंच. बाबा थोडा वेळ गप्प राहिले, मग म्हणाले, "मंग पेनड्राइव्हवालीलाच जास्त भ्यायला पाहिजे." हे मी नव्हतं सांगितलं.

दुपारी जुन्या अँटिव्हायरसची प्रत काढली, आता पुराव्याशिवाय नव्हे. कारण सरळ आहे: मुदत संपलेला पहारेकरी दारात बसून राहतो, आणि विंडोजला वाटतं कोणीतरी आहे. साध्या अनइन्स्टॉलने तुकडे उरले, त्याच कंपनीचं साफ करायचं साधन चालवावं लागलं. रीस्टार्टनंतर डिफेंडर चालू.

चालू दिसतो आणि चालतो, यात फरक असू शकतो. म्हणून आयकारची चाचणी घेतली. ही ६८ अक्षरांची एक निरुपद्रवी ओळ आहे, अँटिव्हायरस जागा आहे का हे तपासण्यासाठीच ठरवलेली. ती ओळख पटली की प्रत्येक अँटिव्हायरसने व्हायरस सापडल्यासारखं वागायचं, असा संकेत आहे. नोटपॅडमध्ये ओळ टाकली, सेव्ह दाबलं. दोन सेकंदांत फाइल गायब आणि कोपऱ्यात इशारा. इव्हेंट व्ह्यूअरमध्ये १११६, पाठोपाठ १११७. गेल्या शनिवारी जी नोंद शोधून मिळाली नव्हती, ती मिळते तेव्हा अशी दिसते.

बाबांनी ते पुन्हा करायला लावलं. दुसऱ्यांदाही पकडलं. त्यांच्या चेहऱ्यावरचा ताण त्या वेळी पहिल्यांदा उतरला.

जाता जाता एक्स्प्लोररच्या व्ह्यूमध्ये 'फाइल नेम एक्स्टेन्शन्स' चालू केलं. विंडोज मुळात नावाचं शेपूट लपवतं. 'चलान.पीडीएफ.ईएक्सई' अशी फाइल असेल तर माणसाला 'चलान.पीडीएफ' एवढंच दिसतं. काकांना आली होती ती 'एपीके' होती. ती फोनवर चालते, विंडोजवर तशी उघडतच नाही. म्हणजे ज्या फाइलच्या भीतीने बाबांनी संगणकाला कडी लावली, ती या संगणकावर चाललीच नसती. आणि फोन इतके दिवस उघडाच होता. फोनमध्ये क्रोम आणि व्हॉट्सअ‍ॅप दोघांचीही 'अनोळखी अ‍ॅप बसवण्याची' परवानगी बंद केली. हे काम खरं तर पहिल्या दिवशी करायला हवं होतं.

१४ जानेवारी, बुधवार

संक्रांत. छतांवर सकाळपासून "ओ काट". भाचा चिनू नायलॉन मांजा आणणार नाही असं कबूल करून साधा मांजा घेऊन आला.

तिळगूळ खाऊन सातबारा काढला. १५ रुपये, आणि फाइल उतरली. नाव, शेपूट, सगळं नीट. रीडरमध्ये उघडल्यावर सहीवर पिवळं प्रश्नचिन्ह होतं, बाबा दचकले. सहीवर क्लिक करून प्रमाणपत्र बघितलं, देणारा कोण, मुदत कधीपर्यंत, ते वाचलं आणि विश्वासाच्या यादीत घेतलं. पुन्हा तपासल्यावर हिरवी खूण. प्रश्नचिन्हाचा अर्थ सही खोटी आहे असा नसतो. सही करणाऱ्याला आपला रीडर ओळखत नाही, एवढाच तो असतो. प्रिंट करून बनवलेल्या जुन्या फाइलमध्ये सहीचा रकानाच नव्हता. दोन्ही शेजारी उघडून बाबांना दाखवल्या.

१८ जानेवारी, रविवार

बँकेने फाइल घेतली, शुक्रवारी. काम झालं.

आज दोन किरकोळ अडथळे, फोनवरच सुटले. चिनूला एका जुन्या साइटवरून प्रश्नपत्रिका हव्या होत्या, क्रोम म्हणाला "इन्सिक्युअर डाउनलोड ब्लॉक्ड". पान सुरक्षित एचटीटीपीएसचं, पण त्यातला फाइलचा दुवा साध्या, असुरक्षित एचटीटीपीचा. अशा डाउनलोडला क्रोम २०२० पासून टप्प्याटप्प्याने अडवत आला आहे, कारण वाटेत कोणी फाइल बदलली तरी कळत नाही. पत्त्यात हाताने 'एस' घालून बघितलं, उघडला. दुसरं, सोसायटीच्या हिशोबाच्या एक्सेलमधलं मॅक्रो (फाइलमधल्या आपोआप चालणाऱ्या आज्ञा) चालेना, वर लाल पट्टी. २०२२ पासून बाहेरून आलेल्या फाइलींचे मॅक्रो ऑफिस बंद ठेवतं, तेच चिठ्ठी बघून. सचिवांना फोन करून फाइल त्यांचीच आहे ना विचारलं, मग प्रॉपर्टीजमध्ये अनब्लॉक. आधी फोन, मग अनब्लॉक. हा क्रम बाबांनी स्वतः पाळला.

शब्द वाचायला लागलो की काम सोपं होतं. "व्हायरस डिटेक्टेड" असेल तर डिफेंडर बोलतो आहे, तिथे हट्ट करायचा नाही. "इन्सफिशियंट परमिशन्स" असेल तर फोल्डर. "इन्सिक्युअर" असेल तर दुवा. नुसतं "ब्लॉक्ड" असेल आणि तेही शंभर टक्के झाल्यावर, तर इंटरनेट ऑप्शन्सची पट्टी. हे मी एका पुठ्ठ्यावर मोठ्या मराठी अक्षरांत लिहून मॉनिटरच्या मागे भिंतीवर लावलं. खाली लाल शाईने १९३०, सायबर फसवणुकीची हेल्पलाइन. शेजारच्या काकांना त्या दिवशी हा नंबर माहीत नव्हता. पैसे गेल्यावर पहिला तास महत्त्वाचा असतो, आणि त्यांचा तो तास बँकेची शाखा उघडायची वाट बघण्यात गेला.

पट्टी पॉलिसीने, म्हणजे विंडोजच्या सक्तीच्या नियमाने, कुलूपबंद करून ठेवावी का, यावर विचार केला. करता येतं. नाही केली. उद्या बाबांना पुन्हा भीती वाटली तर त्यांनी पट्टी ओढावी, आणि ओढली हे डायरीत लिहावं. डायरी होती म्हणून तारीख सापडली.

२५ जानेवारी, रविवार

बाबांच्या खात्याचे अ‍ॅडमिन अधिकार काढून वेगळं अ‍ॅडमिन खातं केलं, पासवर्ड आईच्या डब्यात, गुळाच्या बरणीमागे. आईचं खातं राहू दिलं. ती त्यात भजनांच्या पीडीएफ उतरवते, आजवर अकरा झाल्या.

डेस्कटॉपवरची एक्स्पोर्ट केलेली रेजिस्ट्रीची फाइल पुसली. तिच्यात 'हाय' साठवलेलं होतं, चुकून डबल-क्लिक झालं असतं तर सगळं पुन्हा अडलं असतं.

बाबांची डायरी आज त्यांनीच पुढे केली. शुक्रवारची ओळ, निळ्या शाईत: "लग्नपत्रिका म्हणून फाइल आली. शेपूट एपीके. पाठवणाऱ्याला फोन केला, त्याने पाठवलीच नाही. पुसली. काकांनाही सांगितलं."